पुलाखालचा गाळ

साखळी विणायचं यंत्र इटलीहून आलं तेव्हा
लाकडी खोक्यात, भुशाखाली, एक पुस्तिका होती.
शेठनी यंत्र ठेवलं, पुस्तिका मला दिली.
वर एका पुलाचं चित्र,
पुलाच्या पाठीवर दुकानं, पिवळी, एकमेकांना बिलगून,
खाली नदी काठोकाठ.
पुतण्याने वाचून सांगितलं,
"काका, हे फ्लॉरेन्स. चारशे वर्षं झाली,
या पुलावर सोनार बसतात."

चारशे वर्षं.
आमच्या एरंडोलच्या पुलावर बसतो
कुलपं दुरुस्त करणारा चिंधू,
आणि खाली अंजनी,
जी वर्षातून चार दिवस नदी असते.

यंत्र तासाभरात ओकायचं
ते माझ्या हातांना आठवडा पुरायचा नाही.
रागावलो नाही त्याच्यावर. तेल घातलं, पुसलं.
फक्त मनात आलं, त्या मुलखातला माणूस
फुंकणी कशी धरतो
तेवढं एकदा बघून यावं.

मनातून तोंडात यायला अकरा वर्षं लागली.

आता दिनदर्शिकेत ऑक्टोबरच्या पानावर
इंदूच्या हळदीच्या बोटाचा ठिपका आहे.
सहा रात्री. स्टेशनाजवळ खोली, चौथा मजला, न्याहारी धरून.
प्रणित मोबाईलवर गल्ल्या मोठ्या करून दाखवतो
आणि मी भिंग डोळ्याला लावतो, सवयीने.

"तठे कळनानी भाकर भेटी का?"
"नही."
"मंग बिबडा लई जासूत."
एवढ्यावर इंदूची तयारी संपली असं मी समजलो.
रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली,
त्या पुलावर बाया बसतात का दुकानात?
का मागच्या खोलीत पोत ओवतात, माझ्यासारख्या?
मला माहीत नव्हतं.
सकाळी उठून यादीत लिहिलं.

अर्जात एक रकाना होता, प्रवासाचा उद्देश.
प्रणितने 'पर्यटन'वर खूण केली.
म्हटलं, लिही ना, पूल बघायचाय.
तेवढी जागा नव्हती त्यात.

मुंबईला काचेवर बोटं ठेवायला सांगितली.
ठेवली. पुन्हा ठेवा. ठेवली.
पुसा काका, पुन्हा ठेवा.
चाळीस वर्षांची कानस आणि तेजाब,
रेषा उरल्या असतील तर करंगळीला.
मुलीने चष्म्यावरून पाहिलं,
"काय झालं हो हातांना?"
सोनं, म्हटलं.
तिने काहीतरी टाईप केलं, बराच वेळ.
पासपोर्ट अजून यायचाय.

मुनाफभाई झारेकरी दर दिवाळीआधी
आमच्या ओटीसमोरची गटार धुतो.
आमच्या झाडूतून जे निसटतं
त्यावर त्याची दोन पोरं शिकली.
त्याला पुलाचं सांगितलं तर घमेलं हातातच राहिलं.
"दुकानं पाण्याच्या वर?
मग झाडलोट? हात धुतलेलं पाणी?
चारशे वर्षं सगळं खालीच?"
तो त्या रात्री झोपला नसावा.
दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजानंतर दारात उभा.
"एक मूठ आण. काळी वाळू असली तर.
नसली तरी आण."
विमानतळावर धरतील रे.
"गाळाला कोण धरतं, भाऊ?"

बॅगेला तेवीस किलोची मुभा आहे.
प्रणित माळ्यावरचा स्प्रिंगचा काटा काढून मोजतो,
स्वेटर, औषधं, बिबड्यांचा डबा,
इंदूच्या बहिणीने दिलेलं कसलंसं लोणचं.
मी बाजूला बसून ऐकतो, किलोत.
जन्म माझा गुंजांत गेला.
मुठीएवढी जागा ठेव, म्हणतो,
कशाला ते सांगत नाही.

काल दिवेलागणीला
आमच्या पुलाच्या मधोमध उभा राहिलो
आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.
कोरडं पात्र, दोन शेळ्या,
कुणाच्या तरी गणपतीची राहिलेली लाकडी चौकट.
चिंधूने कुलपावरून मान वर केली.
"आण्णा, काय पडलं?"
अजून काही नाही, म्हटलं.